जोत्याखालची जमीन

आंबेगाव तालुक्याला ज्या गावावरून नाव मिळालं, ते गाव डिंभे धरणात बुडालेलं आहे. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो, मोठा बाजार मंचरला भरतो आणि जुन्या आंबेगावच्या जागी हुतात्मा बाबू गेनू सागराचा फुगवटा आहे. शेजारच्या जुन्नरात माणिकडोह, येडगाव, वडज आणि पिंपळगाव जोगे. डिंभे धरून कुकडी प्रकल्पाची ही पाच धरणं. त्यांच्या पाण्यावर खालच्या अंगाला ऊस वाढला, द्राक्षबागा उभ्या राहिल्या, नारायणगावच्या टोमॅटो बाजाराचं नाव लांबवर गेलं. पण पाण्यासोबत सातबाऱ्यावर शेरेही आले. ज्यांची गावं धरणात गेली त्यांना जमीन देता यावी म्हणून लाभक्षेत्रातल्या खातेदारांच्या जमिनींवर बंधन आलं आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात पुनर्वसनाची नोंद बसली. नोंद बसली आजोबांच्या काळात. नातवाला तिचा पत्ता लागतो तो घराच्या परवानगीसाठी ताजा उतारा काढल्यावर.

या दोन तालुक्यांत घराची फाइल आराखड्यापेक्षा जमिनीच्या पूर्वेतिहासापाशी जास्त अडते. धरणं, एकत्रीकरण, कूळकायदा, आदिवासींच्या जमिनींचं संरक्षण, लेणी, किल्ला, अभयारण्य, या प्रत्येकाने कागदावर आपली खूण ठेवली आहे. परवानगीची तयारी म्हणजे या खुणा पाया खोदण्याआधी वाचून घेणं. गावाकडची रीत बहुधा उलटी असते: आधी जोतं, मग कागद. भाऊ मुंबईहून सुट्टीला आलेला असतो, गवंडी मोकळा असतो, मुहूर्त जवळचा असतो. कागद काय, होतील सावकाश. पुढे बँकेत कर्जाला गेलं, घराची वाटणी निघाली किंवा रस्त्याचं रुंदीकरण आलं, की त्या सावकाशीची किंमत कळते.

दार कुणाचं ठोठवायचं?

पहिला घोळ इथेच होतो. चाकणचा पाहुणा सांगतो, ‘पीएमआरडीएकडे जा.’ पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण ३१ मार्च २०१५ रोजी स्थापन झालं. मावळ, मुळशी, हवेली आणि आजूबाजूच्या काही तालुक्यांचे भाग त्यात आले. जुन्नर आणि आंबेगाव आले नाहीत. त्यामुळे पाहुण्याचा अनुभव कितीही ताजा असला तरी तो इथे लागू पडत नाही.

जुन्नर शहरात घर बांधायचं तर अर्ज नगरपरिषदेकडे. मंचर अलीकडेच ग्रामपंचायतीची नगरपंचायत झालं, तेव्हा तिथल्या घराचा कागद आता नगरपंचायतीचा लागतो. बाकी गावांत आधी हे ठरवावं लागतं की जागा गावठाणात आहे की बाहेर. गावठाणातल्या बांधकामाला ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५२ प्रमाणे ग्रामपंचायतीची परवानगी लागते. गावठाणाबाहेर पाऊल टाकलं की महसूल खातं आणि नगररचना विभाग आलेच.

नियमांचं पुस्तक मात्र आता जवळपास सगळ्या राज्याला एक आहे. एकत्रीकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली. बृहन्मुंबई आणि मोजके प्रदेश सोडले तर नगरपरिषदांपासून प्रादेशिक योजनेतल्या खेड्यांपर्यंत सामासिक अंतरं, चटई क्षेत्र, उंची, रस्त्याची रुंदी या सगळ्याला तीच लागते. म्हणून घराचा नकाशा काढणाऱ्या अभियंत्याला पहिला प्रश्न विचारायचा तो हाच, की ही जागा कोणत्या झोनमध्ये येते आणि झोन दाखला काढला का. नकाशातल्या खोल्या नंतर हलवता येतात, जागेचा झोन मालकाला हलवता येत नाही.

उतारा वाचताना

समजा, नारायणगावच्या अंगाला एखाद्या मळ्याचा सातबारा हातात आहे. वर गाव, तालुका, गट क्रमांक. खाली डाव्या बाजूला भोगवटादारांची नावं. चार नावं, त्यांतलं एक कंसात. कंस म्हणजे त्या माणसाचा त्या जमिनीवरचा हक्क संपलेला: तो वारला आणि वारस लागले, किंवा त्याने विकलं. पण ज्या आजीचं नाव कंसाबाहेर आहे आणि जी पंधरा वर्षांपूर्वी गेली, तिची वारसनोंद अजून कुणी केलेलीच नाही. कागदावर ती हयात आहे, आणि तिच्या सहीशिवाय परवानगीच्या अर्जाला मालकी पुरी होत नाही.

नावांसमोर क्षेत्र असतं, हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये. कधी प्रत्येकाचं वेगळं, कधी सगळ्यांचं मिळून ‘सामाईक’. सामाईक म्हटलं की घर बांधणाऱ्या भावाला बाकीच्यांचं संमतीपत्र हवं किंवा आधी वाटप हवं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप होतं. ‘आमच्यात काही वाद नाही’ हे वाक्य चहाच्या टपरीवर चालतं, कर्ज देणाऱ्या बँकेपुढे चालत नाही.

मग भूधारणा पद्धत. वर्ग १ असेल तर वाट बरीच मोकळी. वर्ग २ असेल तर ती जमीन सरकारने, वतनाने किंवा कूळकायद्याने काही अटींवर दिलेली आहे. ती विकण्याआधी किंवा तिचा वापर बदलण्याआधी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आणि बहुधा नजराणा लागतो. कूळकायद्याच्या कलम ४३ चा शेरा या भागात नवा नाही. आणि शेवटी उजवीकडचा ‘इतर हक्क’. सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, पाटाचं पाणी, वाटेचा हक्क, पुनर्वसनाची नोंद, भूसंपादनाचा शेरा. घाईत लोक हाच रकाना सोडतात. खाली फेरफारांचे क्रमांक असतात. ज्या क्रमांकाचा अर्थ लागत नाही, त्याचा फेरफार काढून वाचायचा. तलाठी (आता त्यांचं पद ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं आहे) तो दाखवतात. डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या मिळतो. उतारा ताजा हवा. दोन वर्षांपूर्वीची झेरॉक्स म्हणजे दोन वर्षांपूर्वीची जमीन.

भूसंपादनाचा मुद्दा इथे जरा वेगळा आहे. पुणे-नाशिक महामार्ग मंचर, नारायणगाव आणि आळेफाट्यावरून जातो. कल्याणकडून माळशेज घाट चढून येणारा रस्ता त्याला आळेफाट्याला छेदतो. महामार्गालगत इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा पाळावी लागते, आपली जमीन रस्त्याला टेकली आहे म्हणून रस्त्यापर्यंत भिंत आणता येत नाही. पुणे-नाशिक जलद रेल्वेची आखणी तर खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीला बाधा येते म्हणून बदलावी लागली. कागदावरची रेघ अशी सरकते तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंच्या जमिनींची स्थिती बदलते. रेघेच्या जवळ जागा असेल तर आखणीची आजची स्थिती प्रांत कार्यालयात विचारूनच नकाशा काढायला द्यावा.

‘घरपट्टी भरतो की!’

गावठाणातला माणूस मालकी सिद्ध करायला घरपट्टीची पावती आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ पुढे करतो. त्याची भावना चुकीची नाही. चार पिढ्या त्याच घरात गेल्या. पण नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही आहे. घर कुणाच्या नावाने आकारलं जातं एवढंच ती सांगते. जागेची मालकी ती देत नाही, आणि अनधिकृत बांधकामावर घरपट्टी लागली म्हणून ते अधिकृत होत नाही.

गावठाणांची ही जुनी अडचण होती: शेतीला सातबारा होता, घराखालच्या जागेला बहुतेक गावांत काहीच नव्हतं. ड्रोनने गावठाण मोजून मिळकत पत्रिका देण्याचा प्रयोग याच पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला. २४ एप्रिल २०२० पासून ‘स्वामित्व’ योजना म्हणून तो देशभर गेला. ज्या गावाची मिळकत पत्रिका तयार झाली असेल तिथे ती आधी काढावी आणि पत्रिकेवरचं क्षेत्र जागेवरच्या भिंतींशी ताडून पाहावं. ओसरीचा कोपरा शेजाऱ्याच्या क्षेत्रात दाखवला असेल तर तो वाद आज चार हातांचा आहे. दोन मजली घर उभं राहिल्यावर तोच दिवाणी दाव्याचा होतो.

गावठाणाबाहेर, म्हणजे मळ्यात किंवा वस्तीवर घर बांधणाऱ्यांची संख्या वाढते आहे. गल्ल्या अरुंद, ट्रॅक्टर आत जात नाही, गोठा दारात हवा. (उसाच्या कडेला राहायचं म्हणजे बिबट्याशी शेजार आलाच, म्हणून जुन्नरकर हल्ली गोठ्याला जाळी आणि अंगणाला दिवा घराच्या नकाशातच धरतात.) महसूल अधिनियमाच्या कलम ४१ प्रमाणे शेतकऱ्याला आपल्या शेतात शेतघर बांधता येतं आणि त्यात कुटुंबाचं राहणंही धरलेलं आहे. पण शेतघराला मर्यादा आहेत. त्यापुढचा निवासी वापर करायचा तर जमीन अकृषिक व्हावी लागते. पूर्वी त्याला कलम ४४ चा लांबलचक रस्ता होता. नंतर गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत जागा असेल तर कलम ४२-ड ची सोय आली: तहसीलदार रूपांतरण कर आणि अकृषिक आकारणी कळवायचे, ती भरली की वापर बदलायचा. गेल्या दहा वर्षांत हे नियम अनेकदा बदलले आणि प्रत्येक वेळी सैल होत गेले. त्यामुळे शेजाऱ्याने २०१५ साली काय केलं हे विचारून उपयोग नाही. तहसीलमध्ये आज काय चालतं हे विचारावं.

एक-दोन गुंठ्यांचं प्रकरण मात्र सोपं नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने ठरवून दिलेल्या प्रमाणापेक्षा लहान तुकडा शेतजमिनीत खरेदी करता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये हे प्रमाण बागायतीला १० आणि जिरायतीला २० गुंठे असं खाली आणलं गेलं. तरीही रस्त्याकडेला ‘प्लॉट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या दीड गुंठ्याला मंजूर रेखांकन आहे का, हा प्रश्न उरतोच. विकणारा साध्या स्टँपवर करारनामा करून देतो. त्या कागदावर घर उभं राहतं, नाव लागत नाही.

बांधाचा दगड

सातबारा सांगतो जमीन किती. ती नेमकी कुठे आहे हे मोजणी सांगते. उप अधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करायचा, फी भरायची, तारीख मिळते, लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात. मोजणीदार येतो, खुणा दाखवतो, नंतर ‘क’ प्रत मिळते. घराचा नकाशा याच ‘क’ प्रतीवर बसवायचा असतो.

या भागात मोजणीला अनेकदा एक जुनं दुखणं वर येतं. एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबर मोडून गट पडले तेव्हा कागदावर जमिनींची अदलाबदल झाली, वहिवाट मात्र जिथल्या तिथे राहिली. म्हणजे तुमच्या नावाच्या गटात शेजाऱ्याची द्राक्षं आणि त्याच्या गटात तुमची विहीर. अशा ठिकाणी घर बांधायचं म्हणजे दुसऱ्याच्या कागदावर बांधायचं. दोघांचं जमत असेल तर २०२३ साली आलेल्या सलोखा योजनेत बारा वर्षांहून जास्त काळाची अशी उलटसुलट वहिवाट अदलाबदलीने दुरुस्त करता येते, मुद्रांक आणि नोंदणीला प्रत्येकी हजार रुपयांत. जमत नसेल तर जमेपर्यंत पाया खोदू नये. वाटेचंही तसंच. मळ्यात घर झाल्यावर सिमेंटची गाडी कुणाच्या बांधावरून येणार? जुनी वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियमाचं कलम ५, नवी हवी असेल तर महसूल अधिनियमाचं कलम १४३. दोन्हींना वेळ लागतो. नियमावलीला रस्ता लागतो आणि गाडीलाही.

डोंगराकडे आणि लेण्यांकडे

पश्चिमेला घाटाकडे सरकलं की कायदे बदलतात. दोन्ही तालुक्यांचा हा पट्टा अनुसूचित क्षेत्रात येतो. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला सरकारी परवानगीशिवाय घेता येत नाही, महसूल अधिनियमाचं कलम ३६-अ स्पष्ट आहे. धबधबा पाहायला आलेल्या पुणेकराला कुणी ‘नाव लागेल, मी बघतो’ म्हणत असेल तर त्याने तिथूनच गाडी वळवावी. भीमाशंकर १९८५ पासून अभयारण्य आहे, भोवती पर्यावरण संवेदनशील क्षेत्र आहे. तिथे स्थानिकाचं राहतं घर आणि बाहेरच्याचं हॉटेल यांना वेगळे नियम लागतात. आणि जे आदिवासी कुटुंब स्वतःच्या जागेवर घर बांधतं, त्याच्यासाठी घोडेगावचं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आणि शबरी घरकुल योजना आहे. घरकुलाचं अनुदान टप्प्याटप्प्याने येतं आणि प्रत्येक टप्प्याला जोत्याचा, छताचा फोटो लागतो. तेव्हा जागेचा कागद इथेही आधीच हवा.

जुन्नरची गोष्ट आणखी निराळी. शिवनेरी, लेण्याद्री, तुळजा, मानमोडी... गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी कोरलेली आहेत. केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर हे प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर हे नियंत्रित क्षेत्र, असं २०१० च्या दुरुस्तीने प्राचीन स्मारकांच्या कायद्यात पक्कं झालं. पहिल्या पट्ट्यात नवं घर होत नाही. १६ जून १९९२ च्या आधीपासून असलेल्या घराची दुरुस्ती होते, तीही परवानगीने. दुसऱ्या पट्ट्यात राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची ना हरकत लागते आणि घराच्या उंचीत वरची पाण्याची टाकीही धरली जाते. अंतर मोजायचं ते लेण्याच्या दारापासून नाही, संरक्षित हद्दीपासून. जुलै २०२५ मध्ये शिवनेरी मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेला. तालुका २०१८ पासून पर्यटन तालुका आहेच. खोल्या बांधून भाड्याने द्यायची हौस वाढणार हे उघड आहे, आणि तेवढंच अंतर मोजणाऱ्यांचं लक्षही वाढणार.

सोपं झालं, म्हणजे काय झालं?

२०२१ च्या सुरुवातीला ग्रामविकास विभागाने ग्रामीण भागासाठी मोठी सवलत जाहीर केली. सुमारे १५० चौरस मीटर, म्हणजे १,६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर बांधायचं तर परवानगीची वाट पाहायला नको. मालकीचा कागद, मोजणी नकाशा, घराचा आराखडा, सगळं नियमावलीप्रमाणे असल्याचा परवानाधारक अभियंत्याचा दाखला आणि विकास शुल्क ग्रामपंचायतीत दिलं की पुरे. १,६०० ते ३,२०० फुटांपर्यंत ग्रामपंचायतीने दहा दिवसांत प्रारंभ प्रमाणपत्र द्यायचं. नगररचना विभागाच्या खेपा वाचल्या, चांगलंच झालं.

गावात मात्र बातमी पोचली ती अर्धी: ‘१,६०० फुटांपर्यंत परवानगीच लागत नाही.’ कागद द्यायचेत, दाखला द्यायचाय, तो खोटा ठरला तर सही करणारा अभियंता आणि मालक दोघं जबाबदार आहेत, हे मागे राहिलं. सरकारने तपासणीचं काम कमी केलं याचा अर्थ तपासण्यासारखं काही उरलं नाही, असा होत नाही. ते काम मालकाच्या अंगावर आलं. मोठ्या घरांसाठी जुनी वाट आहेच. तिथे प्रारंभ प्रमाणपत्र एक वर्ष चालतं आणि दरवर्षी मुदत वाढवून एकूण चार वर्षं. दर दिवाळीला बोनस आला की एक भिंत, अशा हिशोबाने बांधणाऱ्या मुंबईकराने ही चार वर्षं डोक्यात ठेवावीत. घराचा खर्च कायद्यातल्या मर्यादेवर जात असेल तर बांधकाम कामगारांचा १ टक्का उपकरही धरावा.

फाइल जे विचारत नाही

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर वरचा डोंगर आला. एसटी तिथे पोचली तेव्हा चालक-वाहकांना गाव दिसेना. बाहेरच्या जगाला खबर मिळाली ती त्यांच्याकडून. १५१ माणसं गेली. अतिवृष्टी, पाण्याचा तुंबलेला निचरा, डोंगरउतारावर खाचरं पाडायच्या ‘पडकई’ या जुन्या पद्धतीच्या जागी यंत्राने केलेलं सपाटीकरण, अशा कारणांवर पुढे बरीच चर्चा झाली. त्या चर्चेचा निकाल काहीही लावला तरी घर बांधणाऱ्यासाठी एक गोष्ट उरते: दरड गावाच्या जागेवर सुटली नव्हती, गावाच्या वर सुटली होती. नियमावली १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला आणि खोदाई-भरावाला मनाई करते, पण परवानगीच्या नकाशात दिसतो तो आपला प्लॉट आणि त्याच्या चार बाजू. वरच्या गटात कुणी डोंगर कापला, ओढा कुठे वळवला, हे त्या कागदावर येत नाही.

वाचलेल्यांसाठी आमडे इथे नवं माळीण बांधलं गेलं. एप्रिल २०१७ मध्ये घरांचा ताबा मिळाला. भूकंपरोधक, पक्की घरं. त्याच वर्षीच्या पहिल्या मोठ्या पावसात भरावाची माती खचली आणि रस्त्यांना तडे गेले. सगळ्या परवानग्या असलेल्या, सरकारी देखरेखीखाली झालेल्या वसाहतीतही जमीन कापून भराव टाकला की तो बसायला पावसाळे लागतात, एवढं तिथे दिसलं.

म्हणून फाइल तयार करताना तिच्याबाहेरचेही काही प्रश्न विचारून घ्यावेत. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारावं, मोठ्या पावसात पाणी कुठून यायचं. घोड, मीना, कुकडीच्या काठी असाल तर पाटबंधारे खात्याकडे निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते पाहावं. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. मंचर-नारायणगावच्या काळ्या जमिनीत दोन ठिकाणी खड्डे घेऊन मुरूम किती खाली लागतो ते पाहावं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिच्यावर उथळ पायावर बांधलेल्या घराच्या खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात. डोंगराकडे असाल तर घरामागची दरड किती उभी कापली आणि तिच्या पाण्याला वाट कुठून दिली, हे गवंड्यावर सोडू नये. या उत्तरांवर कुठलाही अधिकारी सही करणार नाही. ती नकाशात उतरवून घ्यायची आणि तो नकाशा मग ग्रामपंचायतीत द्यायचा.

ही तयारी दिवाळीत का काढायची? कारण तयारीचं वर्ष इथून सुरू होतं. खरिपाची पिकं निघाली, बांध मोकळे झाले, गावाकडचे आणि मुंबईचे सगळे भाऊ एका घरात असतात. वारसनोंद आणि संमतीपत्राच्या सह्या होतील तर त्याच आठवड्यात. मोजणीला तारीख मिळून ‘क’ प्रत हाती येईपर्यंत थंडी सरते. मग झोन दाखला, अकृषिकचं चलन, अभियंत्याचा नकाशा, ग्रामपंचायतीची पोच. अक्षय्य तृतीयेला नारळ फुटला तर मृगाच्या आत जोतं वर येतं आणि पावसाआधी भराव दाबून होतो. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त कुणाला विचारावा लागत नाही. तो पाळायचा असेल तर मोजणीचा अर्ज तुळशीच्या लग्नाआधी गेला पाहिजे.